तांबड्या समुद्रात एकाच आठवड्यात दोन बोटी बुडवल्या, सरकारांनी नक्की करायचं तरी काय?

वेळणेश्वरचा_पऱ्या

नमस्कार मंडळी, मी नेहमी वाचनमात्र असतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ मर्चंट नेव्हीत आहे, बल्क कॅरिअरवर थर्ड इंजिनिअर. सध्या सुट्टीवर घरी आलाय आणि पुढच्या महिन्यात परत साइन ऑन आहे. ६ जुलै २०२५ ला येमेनच्या हुथी बंडखोरांनी मॅजिक सीज नावाच्या बोटीवर हल्ला केला, दुसऱ्याच दिवशी इटर्निटी सी वर, आणि दोन्ही बुडाल्या. पहिलीवरचे २२ जण दुसऱ्या एका मालवाहू बोटीने उचलले म्हणून वाचले, दुसरीवरची माणसं मात्र मेली, काही जण हुथींनीच पकडून नेले. त्या मॅजिक सीजचा बुडतानाचा व्हिडीओ हुथींनीच काढून नेटवर टाकलाय, तो आमच्या गावच्या ग्रुपवर फिरला आणि आईने बघितला. तेव्हापासून ती रोज विचारते की बाळूची बोट त्या वाटेने जाते का, आणि बाळू म्हणतो मला काय माहीत, चार्टरर, म्हणजे बोट भाड्याने घेणारा, सांगेल तिकडे जायचं.

माझा प्रश्न असा की नोव्हेंबर २०२३ ला ती गॅलेक्सी लीडर बोट हेलिकॉप्टर उतरवून पळवली तेव्हापासून हे चाललंय. अमेरिकेचं आरमार झालं, युरोपचं झालं, बॉम्ब टाकून झाले, युनोत ठराव झाला. तरी पावणेदोन वर्षांनी एक टोळी भर समुद्रात दोन बोटी बुडवते आणि जवळपास एक युद्धनौका नाही, हे कसं काय? आणि आपल्या सरकारने काय करायला पाहिजे? टीव्हीवर नुसती आरडाओरड असते, इथे जाणकार आहेत म्हणून विचारतोय.

सडेतोड_सोलापूर

यात विचारायचं काय आहे, हुथींचं होदेदा बंदर आठ दिवस भाजून काढायचं, पुन्हा डोकं वर काढणार नाहीत. सगळे देश नुसते निषेध करत बसतात म्हणून ही टोळकी माजलीत. आपल्याकडे ब्रह्मोस आहे ती काय २६ जानेवारीला दाखवायला ठेवलीय का?

जुना_नौसैनिक

सोलापूरकर, भाजून काढायचा प्रयोग झालाय की, तोही दोनदा. जानेवारी २०२४ पासून अमेरिका आणि ब्रिटनने मिळून हल्ले सुरू केले, मग २०२५ ला १५ मार्च ते ६ मे एकट्या अमेरिकेने सात आठवडे धोपटलं, हजारावर लक्ष्यं मारली असं तेच सांगतात. त्यात त्यांची सात रीपर ड्रोन हुथींनी पाडली, दोन एफ-१८ लढाऊ विमानं त्यांच्या विमानवाहू जहाजावरून समुद्रात गेली, आणि त्याआधी डिसेंबरात एक एफ-१८ तर त्यांच्याच क्रूझरने चुकून पाडलं होतं. शेवटी काय झालं, ओमानने मध्यस्थी केली, आम्ही तुमच्या बोटींना हात लावत नाही तुम्ही बॉम्ब थांबवा असा सौदा झाला. म्हणजे अमेरिकेच्या बोटी सुटल्या, बाकीच्यांचं काय ते बाकीच्यांनी बघायचं. दोनच महिन्यांनी या दोन ग्रीक मालकांच्या बोटी गेल्या.

याला कारण आहे. यांचे लाँचर ट्रकवर असतात, डोंगरातल्या गुहांत लपवतात, बाहेर काढतात, डागतात, परत आत. सौदीने २०१५ पासून कित्येक वर्षं विमानांनी बॉम्ब टाकून बघितले तरी राजधानी सना हुथींच्याच ताब्यात राहिलं. आणि होदेदा बंदर म्हणाल तर येमेनमध्ये बाहेरून येणारं बरंचसं धान्य तिथूनच उतरतं, ते बंद केलं की हुथी उपाशी मरत नाहीत, गावातली पोरं मरतात.

आता पऱ्याभाऊंचा प्रश्न, युद्धनौका जवळ का नव्हती. मी आरमारात अठरा वर्षं काढली त्यामुळे थोडं सांगू शकतो. तो भाग नकाशावर बोटभर दिसतो पण येमेनचा किनारा लांबलचक आहे आणि बाब-एल-मांदेबची सामुद्रधुनी अरुंद, साधारण २९ किलोमीटर. क्षेपणास्त्र सुटल्यावर तुमच्या हातात मोजून एखाद-दोन मिनिटं. म्हणजे नौका अगदी त्या बोटीच्या बगलेत असेल तरच उपयोग, पन्नास मैलांवरून धावत जाऊन काही होत नाही, फार तर माणसं उचलता येतात. युरोपची अस्पिडेस नावाची मोहीम फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली, त्यांच्याकडे एका वेळी दोन-तीन नौका असतात. सगळ्यांना सोबत करायची तर वाट बघत थांबावं लागणार, आणि मालवाहू बोटीला एक दिवस थांबवणं म्हणजे हजारो डॉलर पाण्यात, म्हणून कित्येक जण न विचारताच निघतात.

शिवाय पैशाचं गणित बघा. समोरून येणारं ड्रोन काही हजार डॉलरचं, ते पाडायला सोडलेलं एसएम-२ क्षेपणास्त्र वीस लाख डॉलरच्या घरातलं. आणि नौकेवरचे क्षेपणास्त्रांचे सेल भर समुद्रात भरता येत नाहीत, त्यासाठी बंदरात परत जावं लागतं. डास मारायला दरवेळी तोफ काढल्यासारखं आहे ते.

आपल्या नौदलाबद्दल मात्र मी अभिमानानेच बोलणार. डिसेंबर २०२३ ला पोरबंदरपासून दोनशे मैलांवर केम प्लुटो या बोटीवर ड्रोन पडलं, २१ भारतीय होते तिच्यावर, ती शेवटी मुंबईला आणली. त्यानंतर आपण एकदम दहाच्या वर नौका अरबी समुद्रात उतरवल्या. जानेवारीत मार्लिन लुआंडा पेटली, आत नाफ्था, म्हणजे पेट्रोलसारखं पटकन पेटणारं तेल, आणि आपल्या विशाखापट्टणम नौकेवरची दहा पोरं आग विझवायला त्या बोटीवर चढली. विचार करा, नाफ्थाच्या बोटीवर! त्या बोटीवर २२ भारतीय होते. मार्चमध्ये ट्रू कॉन्फिडन्स वर तिघे मेले, २१ जण आपल्या कोलकाता नौकेने तराफ्यांवरून उचलले, त्यात भारतीय एकच होता. कोणाच्या गटात न जाता हे केलं, अमेरिकेच्या त्या प्रॉस्पेरिटी गार्डियन मोहिमेत आपण गेलो नाही, ते बरोबरच केलं असं माझं मत.

सडेतोड_सोलापूर

मग काय हात जोडून बसायचं? सोमाली चाचे आपण ठोकले ना? रुएन बोटीवरचे ३५ चाचे पकडून मुंबईला आणले की.

जुना_नौसैनिक

आणले, आणि ती कामगिरी भारीच होती, सी-१७ विमानातून मार्कोस, म्हणजे आपले नौदल कमांडो, खाली उतरवले, चाळीस तास चाललं, १७ खलाशी जिवंत सोडवले. पण चाच्याला बोट पळवायची असते, म्हणजे त्याला शिडी लावून वर चढावं लागतं. काटेरी तार, पाण्याचे फवारे, चार बंदूकवाले गार्ड, सिटाडेल म्हणजे क्रूने आत कोंडून घ्यायची मजबूत खोली, एवढ्याने तो बेजार होतो. हुथीला वर चढायचंच नाहीये. शंभर मैलांवरून क्षेपणास्त्र सोडणाऱ्याला तुमच्या काटेरी तारेचं काय. इटर्निटी सी वर तीन गार्ड होते, एक आपलाच भारतीय होता, तो पाण्यातून वाचला.

चीफ_मेट_डोंबिवली

पऱ्या, मी आत्ता बोटीवरूनच लिहितोय, नेट येतंय जातंय त्यामुळे तुकड्यातुकड्याने वाच.

घरच्यांना वाटतं की इस्रायलचा झेंडा असेल तरच मारतात. तसं राहिलं नाही. या दोन्ही बोटींवर लायबेरियाचा झेंडा, मालक ग्रीक, इटर्निटी सी वर जवळजवळ सगळे फिलिपिनो, आणि गंमत बघ (गंमत कसली) ती सोमालियात मदतीचं धान्य उतरवून परत येत होती. मग का मारलं तर त्याच कंपनीची दुसरी कुठली तरी बोट इस्रायलच्या बंदरात जाऊन आली होती. म्हणजे तुझा भाऊ ज्या बोटीवर आहे तिची कुंडली चांगली असून भागत नाही, तिच्या सगळ्या भावंडांची कुंडली बघायला लागते. आणि हुथींकडे जुन्या मालकांच्या नोंदी असतात, कधी कधी विकून झालेली बोट जुन्या मालकाच्या नावावर मार खाते.

त्यांनी तर चक्क ऑफिस काढलंय, २०२४ पासून, कंपन्यांना ईमेल पाठवतात की तुमच्या अमुक बोटीला बंदी आहे. बोटीही एआयएसवर (बोट कुठे आहे ते सगळ्यांना दाखवणारी यंत्रणा) डेस्टिनेशनच्या रकान्यात बंदराऐवजी "सगळा क्रू चिनी" "इस्रायलशी संबंध नाही" असलं लिहून जातात. मी स्वतः पाहिलंय स्क्रीनवर, हसावं की रडावं कळत नाही. आम्ही मात्र एआयएस बंदच केलं होतं. दोन्हीचा उपयोग किती ते नशिबावर.

मी फेब्रुवारी २०२४ ला तिथून एकदा गेलोय. रात्री लाइट बंद, डेकवर कोणी जायचं नाही, इंजिन रूममध्ये कमीत कमी माणसं कारण क्षेपणास्त्र बहुतेक वेळा तिथेच आदळतं, आणि तुझा भाऊ थर्ड म्हणजे वॉच तिथेच. हे तुला घाबरवायला सांगत नाहीये. हुथींनी बुडवलेल्या टूटर बोटीवर मेला तो खलाशी इंजिन रूममध्येच होता म्हणून सांगतोय.

आता कामाचं. तो भाग युनियन आणि मालकांच्या करारात युद्धसदृश म्हणून जाहीर आहे. करार लागू असलेल्या बोटीवर खलाशाला तिकडे जायला नाही म्हणायचा हक्क आहे, कंपनीने स्वखर्चाने घरी पाठवायचं, आणि गेला तर तेवढ्या दिवसांचा बेसिक पगार डबल आणि मृत्यूची भरपाई पण डबल. कागदावर फर्स्ट क्लास. प्रत्यक्षात एका बोटीवर मास्टरने, म्हणजे कॅप्टनने, सगळ्यांना मेसमध्ये बोलावलं, फॉर्म समोर ठेवला आणि विचारलं कोणाला उतरायचंय का. सगळे एकमेकांकडे बघत बसले. नाही म्हणणाऱ्याला पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळायला आठ महिने लागतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, कोणी लेखी देत नाही एवढंच. एका कॅडेटने हात वर केला होता, सेकंड इंजिनिअरने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने खाली घेतला. मी पण सही केली, खोटं कशाला बोलू, घराचा हप्ता होता.

म्हणून सरकारने काय करावं यावर माझं उत्तर एकदम वेगळं आहे. क्षेपणास्त्र वगैरे मोठ्या लोकांनी बघावं. पण आपण आणि फिलिपिन्स मिळून जगाच्या बोटी चालवतो. फिलिपिन्सच्या सरकारने नकाराच्या हक्काचा मुद्दा बराच लावून धरला. आपल्या डीजी शिपिंगने, म्हणजे सरकारच्या जहाज खात्याने, पण एजंटांना सांगावं की ज्याने नकार दिला त्याला वर्षभर काम का दिलं नाही याचा जाब द्या, नाहीतर खलाशी भरतीचं आरपीएसएल लायसन्स जाईल. दहा कंपन्यांचे क्रू खरोखर "नाही" म्हणाले ना तर बोटी आपोआप आफ्रिकेला वळसा घालतील, आरमार लागणार नाही.

द्राक्षवाला_निफाड

वळसा घालतील म्हणणं सोपं आहे मेट साहेब, त्या वळशाचं बिल कुठे येतं ते मी सांगतो.

जानेवारी-फेब्रुवारी २०२४, आमचा ऐन सीझन, थॉमसन द्राक्षं तयार. न्हावा शेवाहून रॉटरडॅमला कंटेनर आधी तीन-साडेतीन आठवड्यात जायचा तो आफ्रिकेच्या टोकाला, केपवरून पाच-साडेपाच आठवड्यांवर गेला, वर भाडं दुप्पट तिप्पट. रीफर म्हणजे थंड कंटेनरचं बुकिंगच मिळेना कारण डबे तिकडेच अडकलेले, परत यायला उशीर. द्राक्ष काही तांदूळ नाही, की थांबलं तर थांबलं. पॅकहाऊसमधून निघताना देठ हिरवागार असतो, तिकडे पोचेपर्यंत काडी वाळते, मणी गळतात, मग तिकडचा माणूस फोटो पाठवतो आणि म्हणतो अर्धाच दर देतो. एक्सपोर्टर तो कट आमच्या बिलातून कापणार, तो काय खिशातून देतो का. माझा एक कंटेनर असा गेला, त्यावर्षी पोरीचं लग्न पुढे ढकललं.

तरी मी असं म्हणणार नाही की माझ्या द्राक्षासाठी कोणाचं पोरगं तिथून जाऊ द्या. पण सरकारने एवढं तरी करावं की नाशवंत मालाला वाढीव भाड्याचा काही भाग द्यावा आणि रिकामे रीफर आणायला दट्ट्या लावावा. निवेदनं दिली तेव्हा, फोटो छान आले पेपरात.

वकिलीण_बाई

थोडं कायद्याचं, कारण वर चाचे आणि हुथी एकाच दावणीला बांधलेत. समुद्री कायद्याच्या कराराच्या कलम १०१ प्रमाणे चाचेगिरी म्हणजे खाजगी स्वार्थासाठी केलेली लूट. हुथी म्हणतात आम्ही गाझासाठी करतोय, म्हणजे राजकीय हेतू, त्यामुळे ती व्याख्या नीट लागत नाही. चाच्याला कुठल्याही देशाचं आरमार पकडून आपल्या कोर्टात उभं करू शकतं, आपला २०२२ चा कायदा त्यासाठीच आहे आणि ते ३५ जण मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले ते त्याच आधारावर. हुथींचं तसं नाही. त्यांचं राज्य कोणी मान्य करत नाही, पण राजधानी, बंदर, टॅक्स, नाणी सगळं त्यांच्या हातात. जबाबदार कोणाला धरायचं? १० जानेवारी २०२४ ला सुरक्षा परिषदेत ठराव २७२२ झाला, ११ विरुद्ध शून्य, रशिया, चीन, अल्जेरिया आणि मोझांबिक तटस्थ. त्यात निषेध आहे आणि देशांना आपल्या जहाजांचं रक्षण करायचा अधिकार आहे याची नोंद आहे.

पण "आपलं जहाज" म्हणजे कोणाचं? खरी मेख इथे आहे. झेंडा लायबेरियाचा, मालक ग्रीसचा, माल चीनचा, विमा लंडनचा आणि मरणारा मनिलाचा नाहीतर गुहागरचा. कायद्याने रक्षण करायचं ते झेंड्याच्या देशाने. लायबेरियाचं आरमार येणार आहे का? १९८७ ला इराण-इराक युद्धात कुवेतने आपले ११ टँकर अमेरिकेच्या झेंड्याखाली आणले तेव्हा कुठे अमेरिकेने सोबत दिली, आणि पहिल्याच खेपेला त्यातला ब्रिजटन टँकर सुरुंगावर आदळला. टॅक्स वाचवायला स्वस्तातला झेंडा लावायचा आणि मार बसला की श्रीमंत देशांच्या आरमाराला हाक मारायची, हे मालकांनी किती दिवस चालवायचं? झेंडा विकून जे देश फी घेतात त्यांच्याकडून संरक्षणाचा खर्च घ्या, मग बघा.

कुलाबा_किल्ला

अवांतर आहे पण राहवत नाही. दस्तक नसलेली बोट धरली म्हणून कान्होजी आंग्र्यांना इंग्रज चाचाच म्हणायचे. आज ज्याला मिलिशिया म्हणतोय त्याला उद्या इतिहास काय म्हणेल सांगता येत नाही 😀

जुना_नौसैनिक

हे मात्र नका हो. आंग्रे सरखेल म्हणजे आरमारप्रमुख होते, छत्रपतींचे. दस्तक म्हणजे राज्याचा परवाना, आणि पोर्तुगीज त्याआधी दोनशे वर्षं कार्ताझ म्हणून तेच आपल्या लोकांकडून वसूल करत होते. दस्तकाचे पैसे भरले की बोट सुखरूप जायची. गरीब फिलिपिनो स्वयंपाक्यावर क्षेपणास्त्र सोडून त्याचा व्हिडीओ करणं आणि हे, दोन्ही एका ओळीत बसवू नका.

कुलाबा_किल्ला

मान्य, स्मायली टाकली होती काका. पण हुथीही परवाना मागणारे ईमेल पाठवतात असं मेट साहेबच म्हणाले, म्हणून आठवलं.

वकिलीण_बाई

आणि त्या ईमेलला गुपचूप उत्तर देणाऱ्या कंपन्या आहेत हाच खरा प्रश्न आहे. सरकारांनी पहिलं काम म्हणजे असली परस्पर सेटलमेंट उघडी पाडावी. प्रत्येकाने आपापली बोट सोडवून घेतली की उरलेल्यांवर नेम धरायला त्यांना सोपं. मे महिन्यात अमेरिकेने तरी दुसरं काय केलं.

जुना_नौसैनिक

एक राहिलं. याच महिन्यात येमेनच्या दुसऱ्या गटाने, हुथींच्या विरोधातल्या, इराणहून आलेला साडेसातशे टन शस्त्रांचा माल पकडला असं अमेरिकेने जाहीर केलं. मला विचाराल तर आरमाराचं खरं काम हे. हवेत उडालेलं क्षेपणास्त्र वीस लाख डॉलर खर्चून पाडण्यापेक्षा त्याचे सुटे भाग घेऊन येणारा पडाव, म्हणजे लाकडी गलबत, समुद्रात अडवा. कंटाळवाणं काम आहे, महिनोन्‌महिने गस्त, प्रत्येक पडावावर चढून कांद्याच्या गोण्या उपसायच्या, टीव्हीवर दाखवायला काही नाही. आणि यात इराणशी बोलावं लागणारच, जयशंकर जानेवारी २०२४ ला तेहरानला जाऊन हाच विषय काढून आले होते. आपले इराणशी चाबहार बंदरापासून संबंध आहेत, ते असल्या वेळी वापरायचे नाहीत तर कधी.

द्राक्षवाला_निफाड

इजिप्तला पण बरोबर घ्या, सगळ्यात जास्त तेच मेलेत. सुएझचं उत्पन्न २०२३ ला हजार कोटी डॉलरच्या वर होतं ते २०२४ ला चारशे कोटींवर आलं. तरी ते गप्पच. ज्याचं दुकान बंद पडलं तोच बोलत नाही हे मला कोडंच आहे.

सडेतोड_सोलापूर

गाझावरून लोकं चिडलेली असताना इस्रायलच्या बाजूने दिसायचं नाही त्यांना, म्हणून. एवढं मलाही कळतं. बरं, बॉम्बचं मागे घेतो, पण अर्धंच.

वेळणेश्वरचा_पऱ्या

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. मेट दादा, तुमचा प्रतिसाद भावाला वाचायला दिला, तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला खरं आहे, आमच्याकडे पण असंच.

काल एजंटला ईमेल केला की रूट कुठला. उत्तर आलं, सध्या केपवरून, चार्टररच्या सूचनेनुसार बदलू शकतो. फोन केला तर म्हणे तुला नको असेल तर सांग, दहा जण उभे आहेत. युनियनचा करार बोटीवर लागू आहे का विचारलं तर कळवतो म्हणाला. २ तारखेला मेडिकल आहे. आईला सांगितलंय की बोट आफ्रिकेला वळसा घालून जाणार, तिने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे पोरांचा नकाशा होता तो काढून बघितला, म्हणाली केवढं लांब, बरं झालं.

चीफ_मेट_डोंबिवली

मेडिकल होऊ दे, त्यात काही बिघडत नाही. पण कॉन्ट्रॅक्टवर सही करायच्या आधी त्याची प्रत मागून घे, आणि बोटीचा आयएमओ नंबर मला व्यनि (खाजगी निरोप) कर. करार आहे की नाही ते युनियनच्या साइटवर दिसतं, मी बघून सांगतो. त्याच मालकाच्या बाकीच्या बोटी गेल्या वर्षभरात कुठे कुठे जाऊन आल्या तेही काढतो. उद्या रात्री सिंगापूरला नेट मिळेल.